तिचा नर्सिंगचा अर्ज घराने भरायचा आहे



आपल्या वस्तीतल्या कुठल्याही गल्लीत जा, बारावी होऊन एखाद्या छोट्या खासगी दवाखान्यात कामाला लागलेली मुलगी सापडतेच. गल्ली तिला 'सिस्टर' म्हणते. कुणाला ताप आला की तिला हाक मारतात, कुणाचा बीपी बघायचा असला की तिच्याकडे जातात. पगाराची पावती तिला सहसा मिळत नाही, आणि मिळालीच तर तीवर 'हेल्पर' किंवा 'अटेंडंट' लिहिलेले असते. काही मुली ब्युरोमार्फत पैसेवाल्यांच्या घरी आजारी म्हाताऱ्यांजवळ बारा-बारा तास बसतात. ब्युरो आपले कमिशन आधी कापून घेतो. यातल्या बऱ्याच जणींच्या मनात एकच असते : खरी नर्स व्हायचे, बीएस्सी नर्सिंगला जायचे. आणि दर वर्षी यातल्या बऱ्याच जणींचा अर्ज एक तर भरलाच जात नाही, किंवा भरून मध्येच कुठेतरी अडकतो.

हे लिहिणाऱ्या आम्ही काही परिचारिका आहोत. वस्त्यांतूनच आलो आणि आज पालिकेच्या व सरकारी रुग्णालयांत काम करतो. रविवारी विहारात मुली आमच्याकडे कागदांच्या पिशव्या घेऊन येतात. त्या पिशव्या उघडून उघडून आमचे एक मत बनले आहे, तेवढेच या पानावर मांडायचे आहे. मुलगी अभ्यासात कमी पडली म्हणून अर्ज बुडाला असे फार थोड्या वेळा घडते. अर्ज बुडतो तो घरात. वेळ, झोप, कागद आणि पैसा, या चारही गोष्टी घराने तिच्या एकटीवर टाकलेल्या असतात.

अशा मुलीला सल्ले देणाऱ्यांची कमी नसते. एक म्हणतो, 'नोकरी सोड आणि वर्षभर फक्त अभ्यास कर.' ज्याच्या घरात महिन्याचे राशन आधीच भरलेले आहे त्याचा हा सल्ला. दुसरा म्हणतो, 'आधी चार पैसे जमव, भावाचे शिक्षण होऊ दे, मग बघू.' हे 'मग' येत नाही. मध्ये लग्न येते. आमचे म्हणणे दोघांहून वेगळे आहे. अर्जाच्या वर्षी नोकरी असू द्यावी, पण बाराऐवजी आठ तासांची. आणि प्रवेश मिळाला की ही नोकरी सुटणार, हे घराने पहिल्याच दिवशी बसून मान्य केलेले असावे.

नोकरी करता करता शिकणे आपल्याला नवे नाही. बाबासाहेबांनी १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले तेव्हा सकाळचे वर्ग ठेवले, कामावर जाणाऱ्याला आधी शिकता यावे म्हणून. आपल्या कितीतरी आजोबा-काकांच्या पदव्या अशाच झाल्या. नर्सिंगला मात्र ती सोय नाही, आणि असूही शकत नाही. भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमांप्रमाणे बीएस्सी नर्सिंग हा चार वर्षांचा, आठ सत्रांचा पूर्णवेळ अभ्यासक्रम आहे. थिअरीला आणि प्रॅक्टिकलला प्रत्येकी किमान ८० टक्के हजेरी लागते, आणि पदवी हातात पडण्याआधी रुग्णालयातले नेमून दिलेले काम शंभर टक्के पुरे करावे लागते. 'रात्री ड्युटी करीन, दिवसा कॉलेज करीन' असे म्हणणारी मुलगी पहिल्या सत्रातच आजारी पडते. म्हणून नोकरी आणि नर्सिंग यांची जी कसरत करायची ती प्रवेशाच्या आधीच्या वर्षात. त्या एका वर्षाबद्दलच आम्ही बोलत आहोत.

त्याआधी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. वस्तीच्या नाक्यावर, रिक्षाच्या मागे, विजेच्या खांबावर 'सहा महिन्यांत नर्स व्हा, शंभर टक्के नोकरी' अशा पाट्या असतात. तिथे पंधरा-वीस हजार भरून रंगीत प्रमाणपत्र मिळते. ते घेऊन मुलगी नर्स होत नाही. महाराष्ट्रात नर्स म्हणून नोंदणी करते ती महाराष्ट्र परिचर्या परिषद, १९६६ च्या कायद्याखाली. एएनएम, जीएनएम किंवा बीएस्सी यांपैकी मान्यताप्राप्त शिक्षण असल्याशिवाय ही नोंदणी मिळत नाही. नोंदणी नसली तर सरकारी भरतीचा अर्ज भरताच येत नाही, आणि दवाखान्यात काही बरेवाईट झाले तर सगळ्यात आधी तिच्याकडे बोट दाखवले जाते. तेच वीस हजार तिच्या अर्जाच्या वर्षावर खर्च केले तर काय काय होईल, ते पुढे सांगतो.

आता कोण कुठे अर्ज करू शकते ते पाहू. बीएस्सीला बारावी सायन्स लागते : भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी. सर्वसाधारण उमेदवाराला यातल्या पहिल्या तीन विषयांत मिळून ४५ टक्के हवेत, अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवाराला ४० टक्के. वय त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला १७ पूर्ण. बारावीनंतर दोन-तीन वर्षे कामात गेली म्हणून दार बंद होत नाही. त्या काळाचे गॅप सर्टिफिकेट, म्हणजे साधे प्रतिज्ञापत्र, जोडायचे असते. राज्याच्या सीईटी कक्षाची प्रवेश परीक्षा द्यावी लागते. पेपर १०० गुणांचा : भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र, इंग्रजी आणि नर्सिंगचा कल, प्रत्येकी २० गुण.

ही वाटणी नीट पाहा. दवाखान्यात दोन वर्षे राबलेली मुलगी या पेपरात दुबळी नाही. नर्सिंगचा कल म्हणजे रुग्ण घाबरला असेल तर काय कराल, दोन रुग्ण एकदम हाक मारत असतील तर आधी कुणाकडे जाल, असे प्रश्न. हे ती रोज करते. जीवशास्त्रातले हृदय, मूत्रपिंड, रक्तगट तिने कॉटवर पाहिलेले असतात. अडते ते भौतिकशास्त्रात आणि इंग्रजीत. भौतिकशास्त्रासाठी अकरावी-बारावीचीच पुस्तके पुन्हा काढावी लागतील, त्याला पर्याय नाही. इंग्रजीसाठी तिच्या हाताशी रोजचे पाठ्यपुस्तक आहे : औषधांच्या खोक्यातली घडी घातलेली चिठ्ठी, डिस्चार्ज कार्ड, लॅबचा रिपोर्ट. रोज एक कागद वाचून दहा शब्द वहीत उतरवले तर वर्षभरात शब्द तर वाढतीलच, पण पुढे चार वर्षे ज्या भाषेत शिकायचे आहे तिची भीतीही जाईल. मराठी माध्यमातून आलेल्या आमच्यातल्या निम्म्याजणी अशाच शिकल्या.

ज्यांची बारावी आर्ट्स किंवा कॉमर्सची आहे त्यांनी कपाळाला हात लावू नये. जीएनएमला कुठल्याही शाखेची बारावी चालते, इंग्रजी विषय असला आणि ४० टक्के असले म्हणजे झाले. सायन्सवाल्यांना आधी घेतात एवढेच. तीन वर्षांचा जीएनएम, नोंदणी, मग नोकरी, आणि पुढे दोन वर्षांचा पोस्ट बेसिक बीएस्सी. रस्ता लांबचा आहे, पण मध्ये कमावता येते. आमच्या मते ज्या घरात कमावणारे माणूस एकच आहे तिथे हा रस्ता बीएस्सीपेक्षा कमी प्रतीचा मुळीच नाही.

आता झोपेबद्दल, कारण हे आरोग्याचे पान आहे आणि आमच्या लेखी सगळ्यात मोठी अडचण हीच.

रात्री आठ ते सकाळी आठ ड्युटी करून मुलगी घरी येते. घर एका खोलीचे, वर पत्रा. नऊला भांडी, साडेदहाला नळाला पाणी, अकराला टीव्ही, दुपारी पत्रा तापलेला. तिला सलग दोन तासांची झोप मिळत नाही, आणि संध्याकाळी पुस्तक उघडले की डोळे मिटतात. मग घरचे म्हणतात, 'हिचे अभ्यासात लक्षच नाही.' लक्ष कुठून लागणार? वाचलेले डोक्यात टिकते ते झोपेत. झोप तोडून केलेला अभ्यास पाण्यात जातो, हे आम्ही नर्स म्हणून सांगतो आहोत. रात्रपाळी करणाऱ्या माणसाला दिवसा सात तासांची झोप लागते आणि ती सलग लागते. खिडकीला जाड पडदा किंवा जुनी चादर, डोळ्यांवर ओढणी, फोन बंद, टीव्ही बंद. सकाळी नऊ ते चार या वेळेत तिला कुणी उठवायचे नाही. पाहुणे आले तरी नाही, पाणी आले तरी नाही. पाणी भाऊ भरेल. वडील घरी असतील तर वडील भरतील. अभ्यासाची वेळ झोपून उठल्यावरची, साडेचार ते साडेसहा. ड्युटीवरून आल्या आल्या नाही. दोनच तास, पण रोज.

'मुलगा पाणी भरणार?' असे विचारणारी माणसे आपल्यातही आहेत. समतेची भाषणे आपण जयंतीला ऐकतो, आणि दुसऱ्या दिवशी बारा तास उभी राहून आलेली पोरगी हंडे उचलते आणि भाऊ नाक्यावर उभा असतो. हे आम्हाला पटत नाही, आणि पटत नाही हे आम्ही घरोघरी जाऊन सांगतो. काही घरांत त्यानंतर आम्हाला चहा मिळत नाही. चालायचेच.

झोपेच्या जोडीला रक्त. रात्रपाळीच्या मुली रात्री चहा-बिस्किटावर काढतात आणि सकाळी न जेवता झोपतात. चक्कर, धाप, केस गळणे, वाचताना डोळ्यांपुढे अंधारी. तपासले तर हिमोग्लोबिन नऊ-दहा. गरोदर नसलेल्या बाईचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली असले की तो अ‍ॅनिमिया. पालिकेच्या दवाखान्यात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासून लोहाच्या गोळ्या मोफत मिळतात. गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्यावी; चहा गोळीच्या आणि जेवणाच्या आधी-नंतर तासभर नको, कारण चहाने लोह अंगी लागत नाही. डब्यात भाकरी, पालेभाजी, मटकी, शेंगदाण्याची चटणी असावी. परवडेल तेव्हा अंडे, सुकट, कलेजी. हे सगळे आपल्या स्वयंपाकघरातलेच आहे. फक्त वाढताना आधी भावाच्या ताटात जाते.

आणखी एक. छोट्या दवाखान्यांत मुलींच्या हातून सुया हाताळल्या जातात, कचरा उचलला जातो आणि हेपॅटायटिस बीची लस मात्र कुणी देत नाही. लसीचे तीन डोस असतात : पहिला, महिन्याने दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. अर्जाच्या वर्षी हे तिन्ही पुरे करून घ्यावेत; पुढे नर्सिंगला गेल्यावरही लागणारच आहेत. वापरलेली सुई टोचली तर ती जागा वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवावी, दाबून रक्त काढू नये, बोट तोंडात घालू नये, आणि तडक मोठ्या सरकारी रुग्णालयात जावे. एचआयव्ही टाळण्याची औषधे दोन तासांत सुरू झाली तर उत्तम, ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग राहत नाही. मालक रागावेल म्हणून सुई टोचल्याचे लपवणाऱ्या मुली आम्हाला भेटल्या आहेत. मालकाच्या रागावर औषध नंतर शोधता येते.

आता कागद. इथे आम्ही जरा जास्त बोलणार आहोत, कारण परीक्षेत चांगले गुण असलेल्या मुली इथे अडकतात.

जातीचा दाखला आणि जात पडताळणी, म्हणजे व्हॅलिडिटी, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दाखला उपविभागीय अधिकाऱ्याकडून, सेतू केंद्रामार्फत मिळतो. व्हॅलिडिटी जिल्हा जात पडताळणी समिती देते आणि राखीव जागेवरच्या व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या प्रवेशाला ती लागते. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, वडिलांच्या बाजूच्या रक्ताच्या नात्यातला पुरावा मागतात : आजोबा-पणजोबांचा शाळेचा दाखला, नसेल तर शाळेच्या रजिस्टरचा उतारा, कोतवाल बुकाची नक्कल, गावच्या जन्म-मृत्यू नोंदीचा गाव नमुना १४. वस्तीत राहणाऱ्या आपल्यातल्या बहुतेकांचे हे कागद इथे नाहीतच. ते मराठवाड्यात, विदर्भात, खानदेशात, कोकणात, मूळ तालुक्याच्या रेकॉर्ड रूममध्ये आहेत. ते काढायला कुणीतरी गावी जावे लागते, दोन-तीन दिवसांची मजुरी बुडते, आणि पहिल्या खेपेला काम होत नाही. हे काम नाईट करणाऱ्या मुलीने करायचे आहे का? तिच्या वडिलांनी, काकांनी, चुलतभावाने करायचे आहे. सख्ख्या काकांची किंवा आत्याची व्हॅलिडिटी आधी झालेली असेल तर काम फारच सोपे होते. पण 'आमचे त्यांच्याशी बोलणे नाही' म्हणून ती झेरॉक्स मागितली जात नाही. घरच्या भांडणापायी पोरीचे वर्ष जाते.

यात आपल्या घरांना टोचणारा एक प्रश्न येतो. आपण बौद्ध. मग दाखल्यावर जुनी जात कशाला? आमच्याकडे आलेल्या एका वडिलांनी तो कागद टेबलावर आपटून हा प्रश्न विचारला होता. त्यांना टोचले यात काहीच गैर नाही. पण कायदा असा आहे : १९९० साली अनुसूचित जातींच्या आदेशात दुरुस्ती झाली आणि बौद्ध झालेल्या अनुसूचित जातींच्या लोकांना केंद्राच्याही सवलती लागू झाल्या. त्या सवलती धर्मांतरापूर्वीच्या जातीच्या आधारावर आहेत. म्हणून बौद्धांच्या दाखल्याचा नमुना वेगळा असतो, त्यात धर्म बौद्ध आणि मूळ जात दोन्ही येतात. मुलीच्या शाळेच्या दाखल्यावर नुसते 'बौद्ध' असेल, वडिलांच्या दाखल्यावर 'नवबौद्ध', आजोबांच्या नोंदीत 'महार', तर घाबरायचे कारण नाही. वंशावळीच्या प्रतिज्ञापत्रात ही साखळी नीट लिहिली की समितीला ती कळते. आडनावे बदललेली असतील, गावाच्या नावावरून घेतलेली असतील, तर तेही तिथेच लिहावे.

बाकीच्या कागदांत डोमिसाईल, उत्पन्नाचा दाखला, आधारशी जोडलेले बँक खाते. तिन्हींवर नावाचे स्पेलिंग दहावीच्या गुणपत्रिकेसारखेच हवे. आणि फोन नंबर तिचा स्वतःचा. सायबर कॅफेवाल्याचा नंबर घातला की ओटीपी त्याच्याकडे जातो, पासवर्ड त्याच्याकडे राहतो, आणि यादी लागल्याचा मेसेजही त्यालाच येतो. भावाचा नंबर घातला तर भाऊ सिम बदलतो. महिन्याचे रिचार्ज हा त्या वर्षी शिक्षणाचा खर्च समजावा.

यादी लागली की प्रवेश पक्का करायला थोडेच दिवस मिळतात, आणि नेमकी तेव्हा तिला रजा मिळत नाही. एका मुलीला पहिल्या फेरीत सरकारी कॉलेज लागले होते, दवाखान्याने 'दुसरी बाई येईपर्यंत जाऊ नको' म्हणून तिला दोन दिवस थांबवले, आणि जागा गेली. दवाखान्याला दुसरी बाई आठवड्यात मिळाली. म्हणून फेऱ्यांच्या तारखा आल्या की मालकाला आधीच सांगावे, तोंडी नाही, लिहून. आणि तरीही रजा नाही मिळाली तर जावे. आमचे मत ठाम आहे : त्या दिवशी नोकरी गेली तरी जावे. घराने तिच्या मागे उभे राहावे, 'पगार बुडेल' म्हणून तिला दारात अडवू नये.

पसंतीक्रम भरताना सरकारी आणि पालिकेची कॉलेजे आधी, मग खासगी. घराजवळचे तेवढेच भरू नये. आणि 'सीट पक्की करून देतो' म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवावे. शिष्यवृत्ती मिळते ती सीईटी कक्षाच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून, म्हणजे कॅपमधून, मिळालेल्या प्रवेशाला. मॅनेजमेंट कोट्यातल्या जागेला नाही. दलालाने लावून दिलेल्या जागेची सगळी फी चार वर्षे घरानेच भरायची असते. हे त्या दिवशी तो सांगत नाही. दुसऱ्या राज्यातल्या कुठल्या कॉलेजचे नाव घेत असेल तर ते भारतीय परिचर्या परिषदेच्या यादीत आहे का ते आधी पाहावे. महाराष्ट्रातली बहुतेक बीएस्सी कॉलेजे नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न असतात.

आता पैशाचा हिशेब, जो घरे करत नाहीत. घरे फीचा हिशेब करतात. अनुसूचित जातीच्या आणि बौद्ध विद्यार्थ्याचे कौटुंबिक उत्पन्न वर्षाला अडीच लाखांपर्यंत असेल तर महाडीबीटीवरून भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. उत्पन्न जास्त असेल तर राज्याची फ्रीशिप आहे, त्यात शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क भरले जाते. म्हणजे कॅपमधून गेले तर फीचा मोठा भार उतरतो. खरा भार वेगळा आहे. मुलगी महिन्याला नऊ हजार आणत होती असे धरा. चार वर्षांचे झाले चार लाख बत्तीस हजार. कॉलेजच्या पावतीवर हा आकडा कुठेच नसतो, पण घर मोडते ते यानेच, आणि दुसऱ्या वर्षी मुलीला परत बोलावले जाते तेही यापायीच.

म्हणून अर्जाच्या वर्षातच यावर बसून बोलायचे. तिच्या पगारातले महिन्याला किमान दोन हजार तिच्याच खात्यात राहू द्यावेत. युनिफॉर्म, पुस्तके, प्रवास, वसतिगृहाची गादी, सगळे यातूनच होईल. भावाने काम पाहावे. दुसऱ्या शहरात प्रवेश मिळाला तर समाजकल्याणचे मुलींचे शासकीय वसतिगृह आहे, तिथे राहणे-जेवणे मोफत. तिथे जागा नाही मिळाली तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. मुंबई-पुणे-नागपूरसारख्या शहरात शिकणाऱ्याला वर्षाला ६०,००० रुपयांपर्यंत मिळतात. गुणांची अट आहे, आणि ज्या शहरात राहता त्याच शहरात शिकत असाल तर ती मिळत नाही. म्हणजे कधी कधी घरापासून लांबचे कॉलेज घराला स्वस्त पडते. 'पोरगी लांब कशी पाठवायची' म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा.

एक धोका इथे सांगून ठेवतो. शिष्यवृत्तीतला केंद्राचा हिस्सा आता थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो. त्यात फीची रक्कम असते आणि ती कॉलेजला भरायची असते. खात्यात एकदम मोठी रक्कम दिसली की घरात कुणाचे तरी कर्ज आठवते, कुणाचे लग्न निघते. ती खर्च झाली की कॉलेज परीक्षेचा फॉर्म अडवते. त्या पैशाला घराने हात लावायचा नाही.

लग्नाबद्दल आणि रात्रपाळीबद्दल आम्हाला नेहमी विचारतात. 'नर्सची नाईट असते, परक्या पुरुषांचे अंग पुसावे लागते, सोयरीक कशी जमणार?' आम्ही उलट विचारतो, आज ती काय करते आहे? आजही तिची नाईट आहे. आजही ती परक्या म्हाताऱ्याचे डायपर बदलते, बेडपॅन धुते, तेही नोंदणीशिवाय, लसीशिवाय, महिना नऊ हजारांवर. ही नाईट घराला चालते आणि अधिपरिचारिकेची नाईट चालत नाही, याला आम्ही इज्जतीचा प्रश्न म्हणत नाही. आमच्यातल्या दोघींच्या आया ज्या रुग्णालयात झाडूकाम करत होत्या, त्याच रुग्णालयात पुढे त्या दोघी सिस्टर म्हणून रुजू झाल्या. वॉर्ड तोच, फिनेलचा वास तोच. फरक एवढाच की ड्युटीच्या यादीत नाव कुठल्या रकान्यात आहे, आणि महिनाअखेर खात्यात काय येते, आणि म्हातारपणी काय मिळते. पोरांनीही या कामाकडे पाहावे. मुलांनाही नर्सिंगला प्रवेश मिळतो, आणि ब्युरोत पुरुष अटेंडंट म्हणून राबणारे आपले कितीतरी तरुण बारावी सायन्स आहेत.

राहिले मंडळांचे. प्रवेश परीक्षा बहुतेक उन्हाळ्याच्या तोंडावर येते आणि आपली जयंती एप्रिलमध्ये. ज्या गल्लीत परीक्षेला बसलेली मुलगी आहे तिथे त्या पंधरवड्यात स्पीकर रात्री दहाला बंद व्हावा, एवढे मंडळाने सहज करावे. वर्गणीतून दर वर्षी दोन मुलींचे परीक्षा शुल्क आणि गावी जाऊन कागद आणण्याचे गाडीभाडे निघू शकते. आमच्या शेजारच्या एका मंडळाने डीजे एका दिवसाने कमी करून हे केले आहे, आणि मिरवणूक काही लहान झाली नाही. विहार दिवसभर कुलूपबंद असतो. खोलीत पत्रा तापलेला असताना दुपारी साडेचार ते साडेसहा तो उघडा राहिला, पंखा आणि दोन बाकडी असली, तर अभ्यासाच्या जागेचा प्रश्न सुटतो. किल्ली महिला मंडळाकडे द्यावी.

आणि गावी जाणार असाल तर दिवाळीच्या सुट्टीतच जा. त्यानंतर बोर्डाची परीक्षा येते, मग सीईटीचे अर्ज, मग जयंती, आणि रेकॉर्ड रूममधला माणूस उन्हाळ्यात रजेवर असतो. जाताना आजोबांचे पूर्ण नाव, त्यांच्या वडिलांचे नाव, शाळेचे गाव आणि अंदाजे साल एका कागदावर लिहून न्या, आणि नक्कल शिक्क्यासह मागा.